कडू लागलं तरी पी

तो दुधी मी लावला नव्हता, आपला आपण उगवला होता. गच्चीवरच्या ज्या ड्रममध्ये मी स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवते, त्यातलं खत वाफ्यात पसरलं आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर दोन जाड, लवदार पानं मातीतून वर आली. पंधरा दिवसांत वेल कठड्यावर चढला, महिन्याभरात पाण्याच्या टाकीवर. संध्याकाळी दिवेलागणीला त्याची पांढरी फुलं उमलायची, चुरगळून ठेवलेल्या मलमलीसारखी, आणि सकाळी मी केर काढायला जाईपर्यंत मलूल झालेली असायची. पहिलं फळ धरलं तेव्हा वजनानं देठ तुटू नये म्हणून मी त्याला जुन्या ओढणीची झोळी बांधली. विकतचं खत नाही, औषधाचा एक थेंब नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तो उतरवला. वेलाचं पहिलं फळ, म्हणून आधी देवापुढे ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा रस काढून माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या हातात दिला.

दादा रोह्याजवळच्या आमच्या गावाहून तपासण्यांसाठी पुण्याला आला होता. साखर वाढलेली, रक्तदाबाची गोळी नुकती सुरू झालेली. रिकाम्या पोटी दुधीचा रस घ्यावा, हे मला कोणी सांगितलं ते आता आठवतही नाही. सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या बायका बोलतात, कुणाचे व्हिडिओ येतात, बागेच्या फाटकाबाहेर कारलं, दुधी, आवळा अशा रसांच्या बरण्या मांडलेल्या दिसतात. ऐकून ऐकून ते आपलंच मत होऊन जातं. सालीतच सगळं सत्त्व असतं म्हणून मी दुधी सोललासुद्धा नाही. चार तुळशीची पानं, पुदिना, आल्याचा तुकडा, सैंधव, अर्धं लिंबू घालून मिक्सरला लावला. वर फिक्या हिरव्या फेसाची साय आली होती. दादानं पहिला घोट घेतला आणि त्याचा चेहरा आक्रसला.

"कडू आहे गं बाय."

"कडू लागलं तरी पी," मी म्हणाले. "औषधच आहे ते. घरचा दुधी आहे, फवारणीचा कण नाही त्याला."

दादानं पाऊण पेला संपवला. ताटात काही टाकायचं नाही, ही आमच्या घरातली शिस्त, आणि त्यातून बहिणीनं दिलेलं. उरलेलं त्यानं ओट्यावर ठेवलं आणि "राहू दे, नंतर घेतो" म्हणाला. मी माझ्या वाटणीचा कपभर रस झाकून फ्रिजमध्ये ठेवला होता, तेवढ्यात दूधवाल्यानं बेल वाजवली आणि तो प्यायचा राहून गेला. वीस मिनिटं झाली असतील नसतील. न्हाणीघरातून ओकारीचा आवाज आला. आधी हिरवं पाणी, मग नुसतं पाणी, मग जुलाब, मग पुन्हा ओकारी. आणि तासाभरात बेसिनच्या पांढऱ्या कडेवर मला लाल रेघ दिसली. दादाच्या कपाळावर घाम होता आणि हात बर्फासारखे गार. रिक्षात तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता आणि मी त्याला सारखी सांगत होते की काल रात्रीची चटणी सोसली नसेल.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण बाईंनी रक्तदाब पाहिला. वरचा आकडा ८० च्या आसपास होता. त्यांनी सलाइन लावायला सांगितलं आणि लिहिता लिहिता विचारलं, सकाळपासून काय काय खाल्लं? मी म्हटलं, बाहेरचं काहीच नाही. चहासुद्धा नाही. फक्त घरच्या दुधीचा रस.

त्यांचं पेन थांबलं.

"कडू होता का?"

हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या परक्या मुलीनं तीन शब्दांत जे विचारलं, ते माझ्या भावानं मला सकाळीच सांगितलं होतं. त्याच्या जिभेनं सांगितलं, त्यानं मला सांगितलं, आणि मी त्याला त्याची जीभ बाजूला ठेवायला लावली.

यावर उतारा नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. विष उतरवणारं वेगळं इंजेक्शन नसतं. सलाइन, रक्तदाबावर नजर, पोटाला आराम, आणि वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून तपासलं तेव्हा जठराचा आतला पडदा लालभडक सोलवटलेला दिसला. तीन दिवस दादा तिथे होता. दुधी, काकडी, कारलं, कलिंगड, भोपळा ही सगळी एकाच घराण्यातली, आणि या घराण्यातल्या रानटी वेलांमध्ये कुकुरबिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्यं असतात. किडे-प्राण्यांनी खाऊ नये म्हणून वेल ती स्वतः तयार करतो. आपण शेतात जे काकडी-दुधी लावतो ते शेकडो पिढ्या निवडून गोडे केलेले. पण पाण्याचा ताण, कडक ऊन, नाहीतर रानटी वेलाशी झालेला संकर, यातून कधीतरी तो जुना कडूपणा परत येतो. शिजवूनही तो मोडत नाही. हे सगळं समजल्यावर मला माझा तो आपला आपण उगवलेला वेल आठवला. बाजारातून आणलेल्या कुठल्यातरी दुधीचं बी. त्या शेताच्या बांधावर कडू तुंब्याचा, म्हणजे रानटी कडू दुधीचा, वेल असेल आणि संध्याकाळच्या फुलांवर फिरणाऱ्या एखाद्या पतंगानं पराग इकडचा तिकडे नेला असेल, तर त्या वर्षीचं फळ गोडच लागतं, पण त्याच्या बीतून पुढे येणारा वेल कडू निघू शकतो. मी अभिमानानं सांगत होते, याला फवारा मारलेला नाही. वेलानं आपला फवारा आपणच, आतल्या आत, फळाच्या गराला मारून ठेवला होता.

रात्री घरी आले तेव्हा फ्रिजमधला कप तसाच होता. फेस बसला होता, खाली गडद साका आणि वर निवळ पाणी. मी करंगळीचं टोक बुडवलं, जिभेला लावलं आणि लगेच थुंकून टाकलं. चूळ भरली, गुळाचा खडा तोंडात धरला, तरी घशाच्या मागे तो कडूपणा अर्धा तास चिकटून होता. कारल्याचा कडूपणा जिभेवर येतो, थोडा रेंगाळतो आणि निघून जातो. हा तसा नव्हता. धातू चाटल्यासारखा, आत उतरत जाणारा. पाऊण पेला! त्यानं पाऊण पेला कसा घशाखाली घातला असेल, ते त्या बोटाच्या टोकानं मला कळलं.

असं घडणारे आम्ही पहिले नव्हतो. २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ दुधी आणि कारल्याचा एकत्र रस पिऊन दगावले होते, तेव्हा त्याची खूप चर्चा झाली होती. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, तज्ज्ञांची समिती बसवली आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला सल्ला इतका साधा आहे की वाचताना माझे डोळे भरून आले. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर सगळा टाकून द्या. दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका. आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब सुरू झाले तर थेट दवाखाना गाठा. मिसळू नका याचं कारण उघड आहे. कारल्याच्या कडूत दुधीचा कडू लपून जातो आणि जिभेला वेगळं काही सांगताच येत नाही. पुढे २०१८ मध्ये आमच्या पुण्यातच एक बाई दुधीचा रस पिऊन गेल्या. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. वाचून हळहळले होते. पण तो दुधी कुठला तरी बाजारातला असणार, अशी मनाची समजूत घालून पान उलटलं होतं.

दुधीचा तुकडा चाखायचा, हे मला आयसीएमआरनं सांगायला हवं होतं का? आमची आजी विळीवर बसली की दुधीची देठाकडची चकती कापायची, तिचा नखाएवढा कोपरा तोडून जिभेवर ठेवायची आणि क्षणभर डोळे मिटायची. मग "हं" म्हणायची आणि पुढे चिरायला घ्यायची. काकडीचं टोक कापलं की तेच. पडवळाचं तेच. दोन दुधी असले तर दोन्हींचं. लहानपणी मला ते तिचं खाणंच वाटायचं. दिवसभर पोटात काही नसलेल्या बाईनं तोंडात टाकलेला एक तुकडा. ती पहारा देत होती, हे मला पन्नाशीनंतर, दवाखान्याच्या बाकड्यावर बसून कळलं. बियाण्यासाठी वेलावर जून होऊ द्यायचा दुधी ठरवायची तेव्हासुद्धा ती आधी त्याच वेलाचा दुसरा कोवळा दुधी चिरून चाखायची. गोड वेलाचंच बी राखेत घोळवून चुलीवरच्या फळीवर जायचं. माझ्या ड्रममधून उगवलेल्या वेलाला असं कोणी विचारलं नव्हतं.

रोह्याकडे पहिला पाऊस झाला की कातकरी बाया शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन दारात यायच्या. जांभळट-तपकिरी, निमुळती, मातीचा ओला वास असलेली. शेवळं आली की आजी आधी विचारायची, "काकडं आणलीस?" काकडं म्हणजे त्या नावाच्या झाडाची हिरवी आंबट फळं. ती नसतील तर ती शेवळं घेत नसे. शेवळाच्या आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं, काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा, वर चिंच किंवा आमसुलं. एवढं करूनही शिजल्यावर पहिला घास ती स्वतः खायची आणि अर्धा घटका थांबायची. घसा खवखवला नाही तरच आमची पानं वाढायची. अळूचं तेच, सुरणाचं तेच. त्यांच्या आत कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात आणि त्याच घशात टोचतात, हे मी पुढे शाळेत शिकले. आजीच्या लेखी अळूला फक्त "खाज" होती, आणि खाज काढणं हे तिचं काम होतं.

त्याच बाया दिवाळीच्या आसपास करांदे आणायच्या. मिठाच्या पाण्यात उकडले की पिठूळ, किंचित कडसर, चवीनं बटाट्याचे लांबचे भाऊबंद. एकदा मी रानात फिरताना अगदी तसाच वेल आणि तसेच लोंबणारे करांदे पाहिले आणि फ्रॉकच्या ओच्यात भरून आणले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या कातकरी काकीनं एक हातात घेतला, नखानं साल खरवडली, वास घेतला आणि सगळे अंगणात ओतून टाकले. ते कडू होते. पण ती मला म्हणाली, हे आम्ही पण खातो, फक्त असे नाही. पातळ काप करायचे, राख घालून उकडायचे, मग फडक्यात बांधून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे, पुन्हा उकडायचे. आषाढात घरातलं धान्य संपतं तेव्हा. तिच्या सांगण्यात तक्रार नव्हती आणि कौतुकही नव्हतं. मला मात्र तो ओढ्यातला गाठोड्याचा आकार अजून दिसतो, प्रत्यक्षात कधी न पाहिलेला. रात्रभर पाणी त्याच्यातून वाहत असेल आणि पोरं उपाशी पोटी सकाळची वाट पाहत निजली असतील. कोणती चव आली म्हणजे थांबायचं, हे पहिल्यांदा कोणी ठरवलं असेल? किती जण त्यात गेले असतील?

रानातल्या अन्नाला आपण आज निसर्गाचं देणं म्हणतो. त्या काकीच्या हातात जे होतं ते तिच्या माणसांनी निसर्गाशी भांडून, हरून, परत भांडून मिळवलेलं होतं. आपण तिच्याकडून पान घेतलं, कंद घेतला, आणि उकडायची, धुवायची, थुंकायची रीत तिच्यापाशीच ठेवून आलो.

मागच्या पावसाळ्यात एका रानभाजी महोत्सवाला गेले होते. टोपल्यांमध्ये टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी अशी हिरवीगार रांग लागली होती. एका टोपलीपाशी माझ्या मुलीच्या वयाची एक मुलगी भारंगीची जुडी घेत होती. विकणारी बाई तिला सांगत होती, पानं उकडायची, घट्ट पिळायची, ते पाणी टाकून द्यायचं आणि मग लसूण-मिरचीवर परतायची. मुलीनं काळजीनं विचारलं, "पाणी टाकलं तर त्यातली जीवनसत्त्वं नाही का जाणार?" बाई म्हणाली, "जाऊ दे ना ताई, कडूपणा बी जातो त्याच्यासंगं." मुलगी मान हलवून पैसे देऊन गेली. तिनं पाणी टाकलं का नाही, माहीत नाही. तिच्या जागी त्या ऑगस्टच्या सकाळची मी असते, तर टाकलं नसतं. ते पाणी मी गाळून, लिंबू पिळून, कुणालातरी प्यायला दिलं असतं.

कडूवर आपला इतका विश्वास का बसला, याचा मी पुष्कळ विचार केला. पाडव्याला कडुनिंबाचं कोवळं पान गूळ, ओवा, हिंग घालून हातावर येतं आणि आपण तोंड न वाकडं करता खातो. तापात काडेचिराईताचा काढा नाक दाबून पाजलेला असतो. "औषध कडूच असतं" हे वाक्य आपल्याला बाळगुटीसोबत मिळतं, आणि त्यात काही खोटं नाही. पण पाडव्याची ती गोळी बोराएवढी असते. काढा चमच्यानं मोजून देतात. मोजणारा माणूस, मोजायचं माप आणि कुठलं कडू हे ओळखणारी नजर, एवढं सगळं त्या वाक्याच्या मागे उभं होतं. माझ्या तोंडात नुसतं वाक्य उरलं होतं. तीर्थयात्रेला निघालेल्या मंडळींबरोबर कडू भोपळा पाठवल्याची गोष्ट तुकोबांच्या नावावर सांगतात. सगळ्या तीर्थांत बुडवून आणला, चिरून भाजी केली, तरी कडू तो कडूच. लहानपणी ती गोष्ट मी मनाच्या मळाची म्हणून ऐकली. आता ऐकते तेव्हा मला त्या पंगतीतली माणसं दिसतात. त्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि लगेच बाहेर काढला. कुणीही, "तीर्थाचा आहे, खा," म्हणालं नाही.

माझी एक मैत्रीण भंडाऱ्याची. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती लाखोळीबद्दल बोलू लागली. भाताचं पीक उभं असतानाच त्याच्या पायाशी फेकलेलं लाखोळीचं बी, उरलेल्या ओलीवर वाढणारं, काही न मागणारं पीक. तिची डाळ, तिचे वडे, तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली, काही झालं नाही. पण दुष्काळात, जेव्हा शेतात दुसरं काहीच उरत नसे आणि मध्य भारतात काही ठिकाणी मजुरीसुद्धा लाखोळीतच मिळे, तेव्हा महिनोन्‌महिने तीच खाणाऱ्यांचे पाय ताठ होऊन कायमचे लुळे पडत. त्या दाण्यातलं एक द्रव्य पायांच्या हालचाली सांभाळणाऱ्या मज्जापेशी मारतं. १९६१ मध्ये सरकारनं तिच्या विक्रीवर निर्बंध आणले. मैत्रीण म्हणाली, आमच्या घरी डाळ कढत पाण्यात भिजवून ते पाणी ओतून देत, आणि ती रोजच्या वरणाची नव्हतीच, मधून मधून व्हायची. तेच पीक, तोच दाणा. ताटात दुसरं काही असलेल्या माणसाला तो अन्न होता आणि ज्याच्या ताटात दुसरं काही नव्हतं त्याला त्यानं पांगळं केलं. मला वाटतं, "नैसर्गिक आहे ना, मग चांगलंच" असं म्हणणारं माणूस, माझ्यासकट, कधी त्या दुसऱ्या ताटासमोर बसलेलं नसतं.

करोनाच्या दिवसांत आमच्या सोसायटीत गुळवेलीच्या काढ्याची पातेली चढत होती. मीही प्याले, घरातल्या सगळ्यांना पाजला. पुढच्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. तो वाद मी मिटवू शकत नाही. मला एवढंच आठवतं की रोज किती घ्यायचा, कुणी घेऊ नये, आणलेली वेल खरोखर गुळवेलच आहे का, यातला एकही प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. वेल हिरवी होती, बाजूच्या झाडावरून काढली होती, आणि मला तेवढं पुरलं.

हे वाचून कुणाला वाटेल की मी आता फवारणीची वकिली करते आहे. तसं मुळीच नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारता मारता वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. ते फोटो, डोळ्यांवर ओल्या पट्ट्या बांधून खाटांवर पडलेली माणसं, मी विसरले नाही. खरं तर त्यानंतरच गच्चीवर माती नेली होती. द्राक्षं मिठाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवतानाही मन खात असे, म्हणून घरचं पिकवायचं ठरवलं. ती भीती खरी होती आणि आजही खरी आहे. पण भीतीनं मला एकाच बाजूला पाहायला शिकवलं. विष बाहेरून येतं, कंपनीतून येतं, डब्यातून येतं, असं धरून मी माझ्या घराच्या बाजूचं दार सताड उघडं टाकलं, आणि तिथून जे आत आलं ते माझ्या हातानं, तुळशीची पानं घालून, भावाला दिलं.

दवाखान्यातल्या दुसऱ्या रात्री दादाला थोडी हुशारी आली होती. नाकातली नळी काढली होती, ओठ सुकलेले होते. मी कापूस ओला करून त्याच्या ओठांना लावत होते. मला माफी मागायची होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. तोच म्हणाला, "मला कळलं होतं गं. आजीची आठवण झाली पहिल्या घोटाला. ती असती तर थुंकायला लावलं असतं."

"मग का प्यायलास?"

"तू दिलंस म्हणून."

त्यानं ते अगदी सहज म्हटलं, दोष न देता. त्यानंतर तो झोपला आणि मी सकाळपर्यंत सलाइनचे थेंब मोजत बसले.

वेल मी लगेच काढला नाही. हात झाला नाही म्हणा. त्यावर अजून तीन दुधी होते. दोन उतरवून खोल खड्ड्यात पुरले, बी शिल्लक राहू नये म्हणून फोडून, गरम पाणी ओतून. तिसरा टाकीच्या मागे पानांआड राहून गेला आणि डिसेंबरात वेल वाळला तेव्हा दिसला. साल लाकडासारखी टणक, रंग ताकासारखा, हलवला की आत बिया खुळखुळतात. आमच्या गावच्या वीणेकऱ्याच्या वीणेचा भोपळा असाच. मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला जे भोपळे पिकवतात, तेही याच कुळीचे. कुणीतरी केव्हातरी ओळखलं असणार की हा खायचा नाही, पण याच्या पोटात आवाज राहतो. तो वाळका दुधी मी टाकला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आहे. दुधी चिरायला घेते तेव्हा समोर येतो.

यंदा दिवाळीनंतर दादा पुन्हा आला. मी त्याला दुधीचं काही करणार नव्हते, पण त्यानंच सकाळी मंडईतून दोन दुधी आणले, पिशवीतून काढून ओट्यावर ठेवले आणि म्हणाला, चणाडाळ घालून कर, आजी करायची तशी, वर ओलं खोबरं. मी काही बोलले नाही. डाळ भिजत घातली, विळी घेतली, पहिल्या दुधीची देठाकडची चकती कापली. कोपरा तोडून जिभेवर ठेवणार, तोच त्यानं माझ्या हातातून तो घेतला.

"थांब, मी बघतो."

"दादा, नको."

पण त्यानं तो तोंडात टाकला होता. दोघंही गप्प होतो. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, कपाळाकडे, ओठांच्या कडांकडे. त्यानं आजीसारखे डोळे मिटले होते.

"गोड आहे," तो म्हणाला.

मी दुसरा दुधी पुढे ओढला आणि त्याचीही चकती कापली. या वेळी कोपरा मीच जिभेवर ठेवला.